सर्किटमध्ये सिग्नलला डिले लावायचा आणि काढायचा कसा : नवीन शिकणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

सिग्नल थोडा उशिरा पोचवायचा, आणि तो उशीर कधी ठेवायचा कधी काढायचा हे एका स्विचवर ठेवायचं, एवढंच काम आहे. डिले बनवणं अवघड नाही, नेटवर ढीगभर सर्किट मिळतात. खरी गडबड होते ती डिले लावताना आणि काढताना, त्या एका क्षणात, आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. डिप्लोमाची पोरं, आयटीआयवाले, मशिनचं पॅनल बघणारे, ज्यांना ब्रेडबोर्डवर एलईडी लावता येतो त्या सगळ्यांना हे जमेल.

आपल्या सोलापुरातलंच उदाहरण घेऊ. समजा टॉवेलचा कपडा रोलवरनं पुढे सरकतोय, सेन्सर एका जागी आहे आणि कटर त्याच्या पुढे ४५ सेंटीमीटरवर. सेन्सरला खूण दिसली की लगेच कापायचं नाहीये, ती खूण कटरखाली आली की कापायचं, म्हणजे सेन्सरचा सिग्नल तेवढा वेळ थांबवून ठेवायला लागतो. दुसऱ्या मापाचा माल आला आणि सेन्सर सरकवून कटरजवळ लावला की डिले नको. मग पॅनलवर एक स्विच पाहिजे, डिले आत किंवा डिले बाहेर, आणि तो फिरवताना एकपण कट जास्त पडता कामा नये आणि एकपण कट चुकता कामा नये.

सगळ्यात पहिल्यांदा बहुतेक जण काय करतात तर सिग्नलच्या तारेतच टॉगल स्विच टाकतात, एका बाजूला डायरेक्ट तार, दुसऱ्या बाजूला डिलेवाली तार. हे करू नका. साध्या टॉगलचा पत्रा एका कॉन्टॅक्टवरनं उठून दुसऱ्यावर बसेपर्यंत मधे कुठेच लागलेला नसतो, तेवढा वेळ पुढच्या आयसीची इनपुट पिन हवेत लटकते, आणि सीमॉसची (आपले आयसी याच जातीचे) पिन हवेत असली की आजूबाजूच्या ५० हर्ट्झच्या लाइनचं हम पकडून वाटेल तसं ०-१ करत बसते. बरं पत्रा बसला तरी तो एकदम बसत नाही, काही मिलिसेकंद उड्या मारतो, त्या प्रत्येक उडीचा आयसीला नवा पल्स दिसतो. कटर असेल तर चार वेळा आपटला म्हणून समजा.

आपली पद्धत अशी की दोन्ही रस्ते कायम चालू ठेवायचे, डायरेक्टपण आणि डिलेवालापण, तार कुठेच तोडायची नाही, शेवटी एक मल्टिप्लेक्सर ठेवायचा जो दोघांपैकी एक निवडेल, आणि निवड बदलायची ती डिलेच्या लाइनमध्ये काहीच नसताना. या लेखातलं सगळं त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यासाठी आहे.

आधी डिले कुठला घ्यायचा ते ठरवा

तीन प्रकार समोर येतात. एक म्हणजे गेटचाच डिले, नॉट गेट एकामागे एक लावायचे. ७४एचसी सिरीजच्या एका गेटला ५ व्होल्टवर साधारण १० नॅनोसेकंदाच्या आसपास लागतात, म्हणजे एक मिलिसेकंद काढायला लाखभर गेट, विषय संपला. शिवाय तापमान आणि व्होल्टेज बदललं की तो आकडापण हलतो.

दुसरा आरसी, म्हणजे रेझिस्टर, कपॅसिटर आणि पुढे ७४एचसी१४ सारखं श्मिट गेट (इनपुट चढताना एका व्होल्टेजला आणि उतरताना त्याहून खालच्या व्होल्टेजला बदलणारं नॉट गेट). स्वस्त आहे, पटकन होतं, पण डेटाशीट उघडून बघा, ७४एचसी१४ चं वरचं थ्रेशोल्ड, म्हणजे इनपुट चढताना जिथे गेट बदलतं ते व्होल्टेज, ४.५ व्होल्ट सप्लायला कमीत कमी १.७ आणि जास्तीत जास्त ३.१५ व्होल्ट असं दिलेलं असतं. गणित केलं तर डिले ०.४७ आरसीपासून १.२ आरसीपर्यंत कुठेही पडू शकतो, म्हणजे तोच रेझिस्टर, तोच कपॅसिटर, फक्त आयसी बदलला तरी अडीचपट फरक चालतो असं कंपनीच म्हणतेय. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा २० टक्के इकडेतिकडे असतो तो वेगळाच, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॅनल तापल्यावर काय होतंय ते आणखी वेगळं. अजून एक, डिलेपेक्षा छोटा पल्स आला तर आरसी तो गिळून टाकतं, पुढे काहीच जात नाही. स्विचचं बाउन्स मारायला हाच गुण आपल्या कामाचा आहे, सिग्नल जपून न्यायचा असेल तर नाही.

तिसरा शिफ्ट रजिस्टर, आणि आपण तोच घेणार. क्लॉक म्हणजे एकसारखे ठोके देणारा सिग्नल, त्याचा प्रत्येक ठोका पडला की आतला बिट (एक ० किंवा १) एक घर पुढे सरकतो, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांवर दिवे पळतात तसा. चार घरं म्हणजे चार ठोके उशीर, बरोब्बर, आयसी कुठल्याही कंपनीचा असो. पल्सची रुंदी ठोक्यांच्या हिशोबात तशीच राहते, आणि क्लॉक बदलला की डिले बदलतो, दुसरं काही हलवायला लागत नाही. एकच अट, येणारा पल्स एका ठोक्यापेक्षा लांब पाहिजे, नाहीतर दोन ठोक्यांच्या मधून निसटून जाईल.

जाता जाता सांगतो, जुन्या रंगीत टीव्हीच्या बोर्डावर एक चपटी डबी असायची, पाल या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत चित्राची एक आख्खी लाइन म्हणजे ६४ मायक्रोसेकंद सिग्नल थांबवायला, आत काचेचा तुकडा आणि त्यातनं ध्वनिलहर फिरायची. टीव्ही रिपेअरवाल्यांनी ती हाताळलेली असेल. डिले लाइन काही आजची गोष्ट नाही.

सामान

७४एचसी१६४ (शिफ्ट रजिस्टर) एक, ७४एचसी१५७ (मल्टिप्लेक्सर) दोन, ७४एचसी७४ (प्रत्येकात दोन फ्लिपफ्लॉप, म्हणजे ठोका पडला की इनपुट वाचून पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवणारे) दोन, ७४एचसी१४ (श्मिट गेट) एक. पुढे यांना नुसतं १६४, १५७, ७४ आणि १४ म्हणू. १एन४१४८ डायोड पाच. १०के आणि १००के चे रेझिस्टर, एलईडीला २.२के. कपॅसिटर १ मायक्रोफॅरड तीनचार, १० मायक्रोफॅरड एक, आणि १०० नॅनोफॅरडचे छोटे सिरॅमिक सहा, प्रत्येक आयसीला एक. एक पुश बटण, एक टॉगल, ब्रेडबोर्ड, जंपर. सप्लायला मोबाइलचा ५ व्होल्ट चार्जर चालतो, जुनी यूएसबी केबल कापून लाल-काळी तार काढा. एचसी सिरीज २ ते ६ व्होल्टवर चालते, ९ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर आयसी गेला.

दुकानात ७४एलएस देतील आणि "तेच आहे" म्हणतील. तेच नाहीये. एलएसचा हाय आउटपुट २.७ व्होल्टपर्यंत खाली आला तरी तो नियमात बसतो, आणि एचसीला ५ व्होल्ट सप्लायवर हाय म्हणून ३.५ व्होल्ट पाहिजेत, त्यामुळे दोन्ही मिसळले की सर्किट कधी चालतं कधी नाही आणि दोन दिवस डोकं धरून बसायला लागतं. सगळे एचसीच घ्या. इथे नाही मिळाले तर हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी तिथल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतनं आणायला सांगा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

पायरी १ : सप्लाय आणि मोकळ्या पिना

कंटाळवाणं आहे पण हे आधी. १६४, ७४ आणि १४ या तिघांना १४ पिना, त्यांची ७ नंबर ग्राउंड आणि १४ नंबर प्लस. १५७ ला १६ पिना, त्याची ८ ग्राउंड आणि १६ प्लस. प्रत्येक आयसीच्या प्लस-ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, अगदी चिकटून, ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला नाही. १५७ चे चार भाग आहेत, आपण एकच वापरणार, म्हणून दोन्ही १५७ च्या ५, ६, १०, ११, १३, १४ या पिना ग्राउंडला आणि इनेबलची १५ नंबर पिनसुद्धा ग्राउंडला. आउटपुटच्या ७, ९, १२ मोकळ्या सोडा, त्यांना ग्राउंड करू नका.

पायरी २ : क्लॉक

१४ मधला एक गेट घ्या, इनपुट १, आउटपुट २. पिन २ पासून पिन १ ला १००के, आणि पिन १ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, प्लस पाय पिन १ कडे. झाला ऑसिलेटर. पिरियड साधारण ०.८ गुणिले आरसी, म्हणजे पाऊण-एक सेकंदाला एक ठोका. एवढा हळू मुद्दाम ठेवलाय, शिकताना प्रत्येक बिट डोळ्याने सरकताना दिसला पाहिजे, नंतर १० मायक्रोच्या जागी १० नॅनो लावला की हजारपट वेगात चालेल. पिन २ वर २.२के मधून एलईडी लावा, लुकलुक दिसली की पुढे चला. दिसली नाही तर पुढे जाऊच नका, आधी इथलंच शोधा.

पायरी ३ : बटण, टॉगल आणि रीसेट

बटणाचं एक टोक ग्राउंडला, दुसऱ्याला १०के प्लसकडून आणि १ मायक्रो ग्राउंडकडे, तो जोड १४ च्या पिन ३ ला. पिन ४ वर स्वच्छ सिग्नल मिळतो, दाबलं की १. टॉगललाही हुबेहूब असंच, पिन ५ आत, पिन ६ बाहेर. इथे आरसीने बाउन्स गिळला, मघाशी म्हणालो तो हाच उपयोग.

रीसेटला १०० के प्लसकडून, १ मायक्रो ग्राउंडकडे, तो जोड पिन ९ ला, पिन ८ वरनं तार ११ ला, आणि पिन १० वर आपला रीसेट. सप्लाय दिल्यावर थोडा वेळ शून्य राहतो आणि मग १ होतो, तेवढ्यात सगळे आयसी साफ होतात. ही तार १६४ च्या पिन ९ ला आणि दोन्ही ७४ च्या १ आणि १३ नंबर पिनांना द्या. ७४ च्या ४ आणि १० या पिना सरळ प्लसला. रीसेट टाळून काहीजण सगळं प्लसला बांधतात, ब्रेडबोर्डवर चालून जातं, मशिनवर मात्र लाइट जाऊन आली की रजिस्टरमधला कचरा पुढे जाऊन कटर चालवेल.

पायरी ४ : सिग्नलला क्लॉकच्या तालावर आणा

बटण तुम्ही कधीही दाबणार, क्लॉकला विचारून थोडीच दाबणार. क्लॉकची कड आणि सिग्नलची कड अगदी एकाच वेळी आली तर फ्लिपफ्लॉप क्षणभर ०-१ च्या मधे अडकू शकतो, याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. उपाय म्हणजे दोन फ्लिपफ्लॉप एकामागे एक, पहिला अडकला तरी पुढच्या ठोक्यापर्यंत सावरतो. पहिल्या ७४ ची पिन २ ला बटणाचा सिग्नल (१४ ची पिन ४), पिन ५ पासून तार पिन १२ ला, आणि ३ व ११ दोन्हीला क्लॉक. पिन ९ वर जो सिग्नल येतो त्याला आपण पुढे "एस" म्हणू. इथनं पुढे सर्किटमधलं सगळं एकाच क्लॉकवर हलतं, आणि त्यामुळेच पुढचं सगळं सोपं होतं.

पायरी ५ : डिलेचा रस्ता

१६४ ला डेटाच्या दोन पिना असतात, १ आणि २, आत त्यांचा अँड होतो (दोन्ही १ असतील तरच १), म्हणून दोन्ही जोडून एसला लावा. पिन ८ ला क्लॉक. आउटपुट ३, ४, ५, ६ ही पहिली चार घरं आणि १०, ११, १२, १३ पुढची चार. पहिल्या चारही घरांना २.२के मधून एलईडी लावा. बटण दोन ठोके दाबून धरा आणि सोडा, दिवे पळताना दिसतील. पोरांना हे दाखवा, शिफ्ट रजिस्टर म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं समजावून सांगता येत नाही. आपल्याला पिन ६ पाहिजे, एसपेक्षा चार ठोके उशिरा.

पायरी ६ : निवड करणारा १५७ आणि त्याच्या मागचा फ्लिपफ्लॉप

पहिल्या १५७ च्या पिन २ ला एस, पिन ३ ला १६४ ची पिन ६. पिन १ शून्य असेल तर पिन ४ वर डायरेक्ट सिग्नल येतो, १ असेल तर डिलेवाला.

आता पिन ४ थेट बाहेर काढू नका. दोन्ही इनपुट १ असले तरी पिन १ बदलताना आउटपुटवर काही नॅनोसेकंदाची खाच पडू शकते, कारण आत एक गेट बंद आणि दुसरं चालू होण्यात थोडा फरक पडतो. एलईडीला ती कळत नाही पण पुढे काउंटर असेल तर त्याला बरोबर कळते. म्हणून पिन ४ दुसऱ्या ७४ च्या पिन २ ला द्या, पिन ३ ला क्लॉक, आणि पिन ५ आपला खरा आउटपुट, त्यालाही २.२के मधून एलईडी लावा. पायरी ८ नंतर पिन १ पण ठोक्यालाच बदलेल, म्हणून खाच पडली तरी ती ठोका पडल्याबरोबर लगेच पडते आणि पुढचा ठोका येईपर्यंत केव्हाच संपलेली असते, फ्लिपफ्लॉपला ती दिसतच नाही. याची किंमत एक ठोका जास्तीचा, तो दोन्ही रस्त्यांना सारखाच लागतो.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात: हा प्रकार फक्त डेटाच्या सिग्नलसाठी आहे. क्लॉकची लाइन अशी मल्टिप्लेक्सरमधून निवडायची नाही, तिथे नॅनोसेकंदाची खाचसुद्धा एक जास्तीचा ठोका होते.

पायरी ७ : मुद्दाम चुकीचं जोडून बघा

आता टॉगलची तार (१४ ची पिन ६) सरळ १५७ च्या पिन १ ला लावा. तात्पुरती. सगळं चालतं असं वाटेल. डायरेक्टवर बटण दोन ठोके दाबून सोडलं की दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला आउटपुटचा दिवा लागतो, डिलेवर त्याच्यानंतर चार ठोक्यांनी, म्हणजे तीनेक सेकंद उशिरा. छान.

आता हे करा. टॉगल डायरेक्टवर ठेवून बटण दाबा-सोडा, आउटपुटचा दिवा लागून विझला की पटकन टॉगल डिलेवर टाका. १६४ वर बघा, तोच पल्स अजून घरांमधून चाललाय, तो चौथ्या घरात पोचला की आउटपुट पुन्हा लागतो. बटण एकदा दाबलं, दिवा दोनदा लागला. आता उलटं, टॉगल डिलेवर ठेवा, बटण दाबा-सोडा, पल्स दुसऱ्या-तिसऱ्या घरात असताना टॉगल डायरेक्टवर टाका. आउटपुट लागतच नाही, पल्स १६४ मधून शेवटपर्यंत गेला पण त्याच्याकडे बघणारं कुणी राहिलं नाही. दाबलं एकदा, लागला शून्य वेळा.

वायरिंग बरोबर आहे, बाउन्स नाही, खाच नाही, तरी हिशोब चुकला. डिले लावला की मागचे चार ठोके परत वाजतात, डिले काढला की वाटेतले चार ठोके हरवतात. हे कुठलाही भारी आयसी आणून जात नाही, कारण हा आयसीचा दोषच नाही, आपण चुकीच्या वेळी बदललं एवढंच. ऑपरेटर स्विच कधी फिरवेल हे आपल्या हातात नाही. मग स्विच फिरवायचं स्वातंत्र्य त्याला देऊ आणि खरा बदल कधी करायचा ते सर्किट ठरवेल.

पायरी ८ : लाइन रिकामी आहे का ते विचारा

टॉगलची ती तार काढा. पाच डायोड घ्या, काळी पट्टी नसलेली बाजू एस, आणि १६४ च्या ३, ४, ५, ६ यांना एकेक, पट्टीवाल्या बाजू सगळ्या एकत्र, तिथनं १०के ग्राउंडला. पाचापैकी एकाही ठिकाणी १ असला तर हा जोड वर जातो, नाहीतर १०के त्याला खाली ओढून ठेवतं. हा जोड १४ च्या शेवटच्या गेटला, पिन १३, आणि पिन १२ वर उलटा मिळतो: १ म्हणजे लाइन पूर्ण रिकामी. (सहाच्या सहा गेट वापरून झाले, म्हणूनच हा आयसी निवडला.)

दुसरा १५७ इथे लागतो. त्याच्या पिन १ ला हा "रिकामी" सिग्नल. पिन ३ ला टॉगल, म्हणजे १४ ची पिन ६. पिन ४ जाते दुसऱ्या ७४ च्या उरलेल्या अर्ध्या भागाला, पिन १२ ला, आणि पिन ११ ला क्लॉक. त्या फ्लिपफ्लॉपची पिन ९ ही आपली पक्की निवड, ती पहिल्या १५७ च्या पिन १ ला द्या, आणि तीच वळवून दुसऱ्या १५७ च्या पिन २ ला परत आणा.

म्हणजे कसं, लाइनमध्ये काही असेल तर फ्लिपफ्लॉप स्वतःचीच जुनी किंमत परत परत लिहून घेतो, टॉगल काय म्हणतोय याकडे बघत नाही. लाइन रिकामी झाली की पुढच्या ठोक्याला टॉगलची किंमत उचलतो. पिन ९ ला वेगळ्या रंगाचा एलईडी लावा, हा "खरोखर डिले चालू" चा दिवा. पॅनलवर हा दिवा पाहिजेच, कारण टॉगल आणि खरी स्थिती आता थोडा वेळ वेगळी असू शकते, दिवा नसेल तर ऑपरेटर स्विच बिघडला म्हणून खटाखट फिरवत बसेल.

सातव्या पायरीतले दोन्ही प्रयोग परत करा. टॉगल फिरवला तरी रंगीत दिवा लगेच बदलत नाही, पल्स चौथ्या घरातून बाहेर पडतो आणि मगच बदलतो. दाबा एकदा, लागणार एकदाच, टॉगल कितीही फिरवा. अगदी बदलाच्या ठोक्यालाच नवीन पल्स एसवर आला तरी हिशोब चुकत नाही, डिले नुकताच लागला असेल तर तो पल्स घरांमधून येईल, नुकताच निघाला असेल तर थेट येईल, दोन्हीकडून येणार नाही. कागदावर ठोके मांडून एकदा स्वतः तपासा.

सिग्नल सतत येत असेल, लाइन कधीच रिकामी होत नसेल, तर मात्र हे सर्किट कधीच बदल करणार नाही. तिथे काही ठोके आउटपुट बंद ठेवून, १६४ रीसेट करून बदल करायला लागतो आणि तेवढा सिग्नल गेला हे मान्य करायला लागतं. कटरसारख्या कामात दोन खुणांच्या मधे भरपूर मोकळी जागा असते म्हणून आपलं भागतं.

आर्डुइनोने करता येईल का

येईल की. फक्त डिले() वापरू नका, तेवढा वेळ प्रोग्राम झोपतो आणि त्या वेळात आलेला पल्स दिसतच नाही. एक अॅरे घ्या, प्रत्येक ठोक्याला नवीन बिट लिहा, चार ठोके जुना बिट वाचा, आणि अॅरेमध्ये एकपण १ नसेल तेव्हाच मोड बदला. विचार तोच, तारांऐवजी कोड. तरी माझं मत असं की आधी ब्रेडबोर्डवर करा, दिवा सरकताना बघितला की अॅरे आपोआप समजतो.

मशिनवर नेताना

इथे शिफ्ट रजिस्टरची खरी मजा आहे. क्लॉक आरसीचा ठेवला तर मशिनचा वेग बदलला की कट सरकणार. त्याऐवजी रोलरच्या शाफ्टवर दातांची चकती आणि प्रॉक्सिमिटी सेन्सर (समोर दात आला की सिग्नल देणारा) लावा आणि त्याचे पल्स हाच क्लॉक करा. मग डिले सेकंदात राहत नाही, कपड्याच्या लांबीत होतो. मशिन हळू करा, जोरात करा, मधेच बंद करा, खूण कटरखाली येईल तेव्हाच सिग्नल येईल.

हिशोब असा. चकती अशी बनवा की कपडा १ सेंटीमीटर सरकला की एक पल्स. सेन्सर ते कटर ४५ सेंटीमीटर, म्हणजे ४५ ठोके. त्यातले तीन आपले आधीच गेलेत, दोन एसच्या आधीचे आणि एक आउटपुटचा, मग रजिस्टरची घरं ४२ पाहिजेत. एका १६४ ची पिन १३ पुढच्याच्या १ आणि २ ला, असे सहा जोडले की ४८ घरं, पाच आयसीची ४० आणि सहाव्याचं दुसरं घर, म्हणजे त्याची पिन ४. डायरेक्टवर चालवतानाही ते तीन ठोके आहेतच, म्हणून सेन्सर कटरच्या ३ सेंटीमीटर आधी लावा, बरोबर कटरवर नाही. आणि कपड्यावरची खूण एका ठोक्यापेक्षा लांब पाहिजे, १ सेंटीमीटरला दीड-दोन सेंटीमीटरची पट्टी ठेवा.

४२ घरांना ४३ डायोड लावत बसू नका. ७४एचसी४०४० काउंटर घ्या, पिन १० ला क्लॉक, पिन ११ ला एस. एस १ झाला की काउंटर शून्य होतो, मग शांत ठोके मोजत जातो, आणि ६४ झाले की त्याची पिन ४ हाय, म्हणजे १ होते. ६४ ठोके काही आलं नाही म्हणजे ४२ घरं नक्की रिकामी, ही पिन सरळ दुसऱ्या १५७ च्या पिन १ ला. १२८ ला ती परत खाली जाते आणि १९२ ला वर येते, त्याने बिघडत काही नाही, बदलाला थोडा उशीर होतो इतकंच. पण दोन खुणांमधलं अंतर निदान सत्तर-ऐंशी सेंटीमीटर असेल तरच ही युक्ती चालेल, छोटे नॅपकिन कापत असाल तर डायोडच लावा.

सेन्सर २४ व्होल्टचे असतात, ते एचसीला थेट लावले की आयसी जागेवर संपतो. मधे पीसी८१७ ऑप्टोकपलर टाका (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे देतो, तारेने जोड नसतो), त्याच्या एलईडीला २.२के अर्धा वॉट लावला की साधारण १० मिलिअँपिअर जातात. दुसऱ्या बाजूच्या ट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला १०के प्लसकडून, आणि पुढे १४ चा गेट हवाच, ऑप्टोच्या कडा ढिल्या असतात आणि ढिली कड क्लॉकला चालत नाही. क्लॉकच्या सेन्सरला बटणासारखा १ मायक्रो लावू नका, वेगात पल्स गिळले जातील, १० नॅनो पुरे. २४ व्होल्टचं ग्राउंड आणि आपलं ५ व्होल्टचं ग्राउंड एकत्र जोडू नका, नाहीतर ऑप्टो लावून उपयोग काय, शेजारची मोटर चालू झाली की तिचा झटका सरळ आपल्या बोर्डात.

आणि मशिन बंद असताना शाफ्ट फिरत नाही, क्लॉक नाही, म्हणून टॉगल फिरवला तरी रंगीत दिवा बदलणार नाही. ऑपरेटरला हे आधीच दाखवून ठेवा: स्विच टाका, कपडा हाताने थोडा पुढे घ्या, दिवा बदलला की मगच मशिन सुरू करा.